लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीत जाताना

लेक जर्मनीत आहे, तिला दिवस गेलेत, डॉक्टरांनी १० मार्चची तारीख दिलीये. आईची बॅग मनातल्या मनात भरूनही झाली. अशी आई आमच्याकडे आली की विचारते, "व्हिसा मिळेल ना हो?" आम्ही उलट विचारतो, "जाणार कोणत्या तारखेला?" कारण खरी गोची तिथंच होते.

जर्मनी, फ्रान्स, इटली धरून युरोपातल्या २९ देशांचा मिळून एकच व्हिसा असतो, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला त्यावर कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं. तीन महिने नव्हे, मोजून ९० दिवस. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यातच.

आता बोटांवर मोजू. लेक एकटी आहे म्हणून आई १ जानेवारीलाच पोचली, तर ३१ मार्चला तिचे ९० दिवस भरतात. बाळ वेळेवर झालं तरी हाती तीन आठवडे, आणि दहा दिवस उशीर झाला तर जेमतेम अकरा दिवस. सव्वा महिना व्हायच्या आत आई विमानात! तीच १५ फेब्रुवारीला गेली, तर १५ मेपर्यंत राहू शकते. काळजीपोटी लवकर जावंसं वाटतं हे आम्हाला कळतं, पण दिवस शिल्लक ठेवलेले बरे.

मध्ये लंडनला फिरून आलं की नवे ९० दिवस मिळतात, असं कुणीतरी सांगतंच. ते खोटं आहे. मागच्या १८० दिवसांत टूरबरोबर पॅरिस पाहिलं असेल, तर तेही दिवस यातच धरतात. मुदतवाढ अगदी अपवादानं मिळते. जास्त राहिलात तर दंड होऊ शकतो आणि पुढचा व्हिसा अडतो. पासपोर्टवरच्या व्हिसात 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा असतात, शिवाय दिवसांचा आकडा वेगळा असतो. राहायचं ते त्या आकड्याइतकंच. कधी तो ९० पेक्षा कमीही असतो.

मात्र प्रत्येकीचे ९० दिवस स्वतंत्र. आधी आई, मग सासूबाई अशी पाळी लावली तर लेकीला जवळजवळ सहा महिने आधार मिळतो. विहीणबाईंशी आधीच बोलून घ्या. दोघी एकदम गेल्या तर स्वयंपाकघरात गर्दी, आणि नंतर घर रिकामं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५ दिवस लागतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. ३० हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. खर्च लेक-जावई करणार असतील, तर त्यांनी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून जबाबदारीचं हमीपत्र काढून मूळ प्रत इकडे पाठवायची. तिथली अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून त्यांना आधी कामाला लावा. कागद गोळा करणारं केंद्र व्हिसा देत नाही, निर्णय जर्मन वकिलातीचा. तेव्हा "व्हिसा नक्की करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

आणि आपलं बायकांचं जुनं दुखणं, नाव. लेकीच्या जन्मदाखल्यावर आई 'सुमनबाई', आईच्या पासपोर्टवर 'सुमन'. कुणाचं लग्नात नावच बदललेलं. कागद पाहणाऱ्या माणसाला या दोघी वेगळ्या बायका वाटतात, आणि नातं सिद्ध करायला गेलेली आई तिथंच अडकते. विवाह नोंदणीचा दाखला, नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद, जे असेल ते काढून ठेवा, मराठी कागदाचं भाषांतर करून घ्या. पासपोर्टमध्येच दुरुस्ती हवी असेल तर तिला वेळ लागतो. ते काम लेकीची गोड बातमी आली त्याच आठवड्यात सुरू करा.