कातिब, संगसाज आणि आजची वेबसाइट

लिथोच्या जमान्यात उर्दू किताब दोन हातांतून तयार होई. कातिब लेप दिलेल्या कागदावर मजकूर लिही. तो दगडावर उतरला की संगसाज बसे आणि आरशात दिसावीत तशा उलट्या अक्षरांतल्या चुका दुरुस्त करी. कातिबाचे नाव अनेकदा किताबीवर येई, संगसाजाचे क्वचितच.

वेबसाइटच्या कामातही अशीच जोडी असते. रंग, अक्षर, मोकळी जागा हे ग्राफिक डिझायनर ठरवतो आणि प्रोग्रामर ते संगणकाला समजेल अशा सूचनांत लिहितो. आता आपल्या घरांतले एक मूल कोडिंग शिकते, दुसरे डिझाइन. पालकसभेत आम्हांला विचारतात, "सर, यातले मोठे काम कोणते?" या दोघांचे जमले नाही तर काय होते, ते उर्दूच्या पानावर चांगले दिसते.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षणसंस्थेने उर्दू वेबसाइट करून घेतली. डिझायनरने इनपेजमध्ये सुरेख नस्तालीक मजकूर मांडला, त्याचे चित्र केले आणि पाठवून दिले. प्रोग्रामरला उर्दू येत नव्हती. त्याने चित्र जसेच्या तसे चिकटवले. संगणकावर पान देखणे दिसले. फोनवर मात्र अक्षरे मुंगीएवढी झाली. प्रवेशाची तारीख शोधली तर सापडेना, कारण चित्रातले शब्द शोधयंत्राला लिखाण म्हणून मिळत नाहीत. आणि नजर नसलेल्या पालकाला फोन वाचून तरी काय दाखवणार?

डिझायनरने चित्र का पाठवले, हेही समजून घ्यायला हवे. नस्तालीक सरळ रेषेत चालत नाही. शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरतो; शब्द लांब तितकी त्याची सुरुवात वर. शेजारचे अक्षर बदलले की अक्षराचे रूप बदलते. म्हणून कराचीचे खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी नूरी नस्तालीक केले, तेव्हा हजारो जोड-आकार तयार करावे लागले. 1981 मध्ये दैनिक जंगची लाहोर आवृत्ती या अक्षरांत निघाली. पुढे 1994 मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणले आणि छपाईचा प्रश्न सुटला. पण जुन्या इनपेजचा मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. तो वेबपानावर नेला की निरर्थक चिन्हे उमटत. मग चित्र हाच उपाय. वर्षानुवर्षे उर्दू अखबारांच्या वेबसाइटही अशाच चालल्या.

आता ती अडचण राहिलेली नाही. 2014 मध्ये गूगलने नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फॉन्ट दिला. 2022 मध्ये गुलझार आला. त्याची अक्षरे बोर्ना इझदपनाह यांनी आखली आणि त्यामागचे तांत्रिक काम सायमन कोझन्स यांनी केले. अशा फॉन्टमध्ये नुक्ते एकमेकांवर आदळू नयेत हे मोठे दुखणे असते. नुक्ता कुठे शोभतो हे खुशनवीसाची नजर सांगते. हजारो शब्दांत तो तिथेच बसेल, हे नियमांनी साधावे लागते. एकट्याने होणारे हे काम नव्हेच.

तरीही फॉन्ट आला म्हणजे सगळे झाले असे नाही. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींतले अंतर उर्दूला लावले, तर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीत घुसतात. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांत अंतर वाढवले, तर जोडलेला शब्द तुटू शकतो. पानाची दिशा उजवीकडून डावीकडे केली की 'पुढे'चा बाणही उलटवावा लागतो. यातले काही डिझायनरला दिसते, काही प्रोग्रामरला. दोघे एका टेबलाशी बसत नसतील तर चूक सापडते वाचकाला, आणि तो बिचारा कोणाला सांगणार?

डिझाइन शिकणाऱ्या मुलीने थोडे एचटीएमएल जरूर शिकावे. कोड लिहिणाऱ्या मुलाने आठवडाभर कलम हाती घेऊन अलिफ किती कत उंच भरतो ते मोजावे. आणि मदरसा, शाळा किंवा दुकानाची वेबसाइट करून घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी दोघांना एकत्र बोलवावे, नमुन्याच्या मजकुराऐवजी आपली खरी नोटीस द्यावी आणि ती घरातल्या सर्वांत स्वस्त फोनवर उघडून बघावी.