व्हेंटिलेटरचा निर्णय कुणाचा? कायदा आहे, कागद आहे; माहितीचा मात्र अभाव

देवळी (जि. वर्धा) : वर्धा-यवतमाळ मार्गावरील देवळी तालुक्यात गंभीर रुग्ण आढळला की त्याला सेवाग्राम किंवा सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलविण्यात येते. दोन्ही ठिकाणी अतिदक्षता विभाग आहेत, कृत्रिम श्वसनयंत्रे अर्थात व्हेंटिलेटर आहेत. अवघ्या अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर ही सोय असणे हे भाग्यच. परंतु रुग्ण बरा होण्याची आशा मावळल्यावरही यंत्र चालूच ठेवायचे काय, आणि ते ठरविण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न या तंत्रज्ञानाने घरोघरी आणून ठेवला आहे.

श्वासनलिकेत नळी घालून यंत्राद्वारे फुप्फुसात प्राणवायू पोहोचविणे, हे व्हेंटिलेटरचे काम. मूळ आजार आटोक्यात येईपर्यंत शरीराला सवड मिळवून देणे हा त्याचा हेतू. सर्पदंश, विषबाधा, न्यूमोनिया अशा आजारांत या यंत्राने असंख्य जीव वाचविले आहेत. मात्र शेवटच्या टप्प्यातील कर्करोग किंवा मेंदूची भरून न येणारी हानी अशा स्थितीत ते आजार बरा करीत नाही. मृत्यू तेवढा लांबवते. उपचार आणि यातना यांतील सीमारेषा येथेच पुसट होते.

पवनारचे उदाहरण

याच जिल्ह्याने या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण पाहिले आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार आश्रमात आचार्य विनोबा भावे यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे थांबविले आणि १५ नोव्हेंबर रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी देह ठेवला. अनेकांनी त्यास प्रायोपवेशन मानून वंदन केले. विनोबा अखेरपर्यंत शुद्धीवर होते, आपला नकार स्वतः कळवू शकत होते. अतिदक्षता विभागातील बेशुद्ध रुग्णाला ही मुभा नसते. त्याच्या वतीने कुणी बोलायचे, हाच खरा पेच आहे.

न्यायालयाची वाटचाल

या पेचाला कायद्याच्या दारात नेले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्या प्रकरणाने. १९७३ मधील निर्घृण हल्ल्यानंतर त्या ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठी दयामरण मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या, हे न्यायालयाने विचारात घेतले. मात्र निरर्थक ठरलेले उपचार थांबविण्यास, म्हणजेच निष्क्रिय दयामरणास, त्याच निकालाने तत्त्वतः वाट मोकळी केली. शानभाग यांचे मे २०१५ मध्ये निधन झाले.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि वैद्यकीय इच्छापत्रास, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली. त्यासाठीची मूळ पद्धत किचकट होती. न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आवश्यक होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली.

इच्छापत्र कसे करावे?

सज्ञान व मनाने सक्षम असलेली कोणतीही व्यक्ती स्वेच्छेने असे पत्र लिहू शकते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करावे लागते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या आप्तांची नावे त्यात नमूद करता येतात. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे देता येते. असे अभिरक्षक नेमलेच गेले नसल्याची बाब डॉ. निखिल दातार यांनी जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे मांडली. त्यानंतर राज्यात या नेमणुका झाल्या. हे पत्र केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते.

पत्र आहे म्हणून यंत्र लगेच बंद होत नाही. आधी रुग्णालयातील डॉक्टरांचे मंडळ व नंतर जिल्हा आरोग्य यंत्रणेने सुचविलेल्या डॉक्टरचा समावेश असलेले दुसरे मंडळ रुग्णाची स्थिती तपासते. निर्णय साधारणतः ४८ तासांत अपेक्षित असतो. अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयात जाता येते. पत्र नसल्यासही आप्तांच्या संमतीने हीच प्रक्रिया होऊ शकते. इंजेक्शन देऊन जीव घेणे मात्र आजही गुन्हाच आहे.

गरिबी म्हणजे संमती नव्हे

या सोयीला दुसरी बाजूही आहे. उपचारांसाठी शेत गहाण पडते, जनावरे विकली जातात; सरकारी योजनेची मर्यादा संपली की नातेवाईक ‘आमच्या जबाबदारीवर’ असे लिहून देऊन रुग्णाला घरी नेतात. हा निर्णय रुग्णाच्या इच्छेचा नसतो, रिकाम्या खिशाचा असतो. वृद्ध आई-वडिलांवर शेतीच्या वाटणीपायी दबाव येण्याची, विधवा किंवा निराधार स्त्रीचे मत गृहीत धरले जाण्याची भीतीही अनाठायी नाही. साक्षीदार, नोटरी आणि दोन मंडळे यांची तजवीज त्यासाठीच आहे. उलटपक्षी, हात झटकले असे लोक म्हणतील या धाकाने अनेक मुले वडिलांना यंत्रावर ठेवतात, हेही तितकेच खरे.

यंत्र काढणे म्हणजे सेवा थांबविणे नव्हे. वेदनाशमन, स्वच्छता, धाप कमी करणारी औषधे आणि जवळच्यांचा सहवास अखेरपर्यंत चालू राहायला हवा. ही वेदनाशामक शुश्रूषा ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचली नाही, तर सन्मानाने मरण्याचा हक्क शहरातील सधनांपुरताच उरेल.

मालमत्तेचे मृत्युपत्र करण्याची रीत आपल्याकडे रुळली आहे. ते माणूस गेल्यानंतर उघडले जाते. वैद्यकीय इच्छापत्राचा उपयोग मात्र तो जिवंत असताना होतो. म्हणूनच कागदाआधी घरात मोकळे बोलणे आवश्यक आहे आणि ते प्रकृती ठणठणीत असतानाच व्हायला हवे. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर भावंडांचे एकमत होणे फार कठीण असते.