मुक्तछंद रुजवणारे अनिल

कविता गाऊन दाखवायची, आणि ती यमकात असायचीच, अशी १९३० च्या सुमारास मराठीत रूढ समजूत होती. रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची गोडी महाराष्ट्राला लावली होती. त्याच काळात विदर्भातल्या एका कवीला वाटू लागले, की मोठा, गुंतागुंतीचा विचार या साच्यात मावत नाही.

आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, यांचा जन्म १९०१ साली मूर्तिजापूरचा. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिक्षण, पुढे वकिली, न्यायखात्यातली नोकरी आणि नंतर समाजशिक्षणाचे काम. १९३२ साली आलेला त्यांचा पहिला संग्रह ‘फुलवात’ हळुवार भावकवितेचा होता. मुक्तछंदाचा मोठा पल्ला त्यांनी गाठला तो १९४० च्या ‘भग्नमूर्ती’त. पडक्या देवळातली भंगलेली मूर्ती पाहून एका संस्कृतीच्या उत्कर्षाचा आणि ऱ्हासाचा विचार सुरू होतो आणि तो दीर्घकाव्यभर चालत राहतो. असे चिंतन दर ओळीला यमकाशी अडखळले असते, तर त्याचा ओघच तुटला असता. जपानी आक्रमणात होरपळणाऱ्या चीनमधल्या पोराला उद्देशून लिहिलेले ‘निर्वासित चिनी मुलास’ १९४३ साली आले. परक्या देशातल्या मुलाशी थेट बोलायला त्यांना बोलण्याच्या जवळची लय हवी होती.

मुक्तछंद म्हणजे गद्याच्या ओळी तोडून एकाखाली एक मांडणे, असा गैरसमज आजही आढळतो. अनिलांच्या बाबतीत तर तो अन्यायच आहे. ओवी-अभंगासारखा त्यांचा मुक्तछंद अक्षरांच्या गणतीवर उभा आहे. अक्षरांचे छोटे गट पुन्हा पुन्हा येतात, त्यातून लय धरली जाते. ओळ किती लांबवायची ते मात्र अर्थ ठरवतो. एखादी ओळ दोन-तीन शब्दांत थांबते, दुसरी लांब पसरते. मोठ्याने वाचून पाहिले की कानाला ठेका लगेच सापडतो. पुढे शरच्चंद्र मुक्तिबोधांनी सामाजिक आशयाच्या कवितेसाठी हीच वाट धरली.

अनिलांच्या आयुष्याबद्दल लिहिताना कुसुमावतींना वगळताच येत नाही. कुसुमावती देशपांडे या स्वतः मान्यवर समीक्षक आणि कथालेखिका. लग्नाआधीचा या दोघांचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ साली प्रसिद्ध झाला. १९५८ च्या मालवण साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल होते. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनात तो मान कुसुमावतींना मिळाला. संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अनिल दोन दशके जगले आणि लिहीत राहिले. छंदाला मोकळे करणाऱ्या या कवीने उतारवयात स्वतःला नेमक्या दहा ओळींत बांधून घेतले. ‘दशपदी’ हा रचनाप्रकार त्यांचाच, आणि त्याच नावाच्या संग्रहाला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काहींना यात माघार दिसेल. मला तसे वाटत नाही. लांब चिंतनाला लांबत जाणारी ओळ हवी होती, एकाकी क्षणाला दहा ओळी पुरत होत्या; प्रत्येक अनुभवाला त्याचा आकार शोधून देण्याचे काम दोन्हीकडे एकच होते. त्यांच्या कविता गाण्यांतूनही घरोघरी पोचल्या. कुमार गंधर्वांच्या आवाजात ऐकताना अनेकांना त्या कोणाच्या आहेत हे ठाऊकही नसते. १९८२ साली नागपुरात अनिल गेले. शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांत त्यांची छोटी भावगीते भेटतात. ‘भग्नमूर्ती’ मात्र फार थोडे वाचक उघडतात, आणि मराठी मुक्तछंद समजून घ्यायचा तर सुरुवात तिथूनच करायला हवी.