मोसंबीला ताण का देतात?

कोकणात नारळ, नागपूरकडे संत्री, जालन्यात मोसंबी. तिथली हवा त्या झाडाला मानवते, असे आपण वर्गात सांगतो. जालन्याच्या मोसंबीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हवा मानवते म्हणजे नेमके काय होते?

जालन्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. पुढचे आठ महिने बरेचसे कोरडेच. वरवर ही उणीव वाटते. मोसंबीला मात्र तिचा उपयोग होतो. तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले किंवा मुळांना पाणी कमी पडले, की लिंबूवर्गीय झाडांची वाढ थांबते. नवी पालवी फुटत नाही, तयार झालेले अन्न झाडात साठून राहते आणि फांद्यांवरच्या डोळ्यांतून फुले येण्याची तयारी सुरू होते.

शेतकरी हाच विसावा मुद्दाम घडवून आणतात. आंबिया बहार धरायचा असेल, तर डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतात. यालाच 'ताण देणे' म्हणतात. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना पुरतो. भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून तिथे अधिक दिवस लागतात. पाने मलूल होऊन काही गळली, की आधी 'आंबवणी'चे हलके पाणी, मग 'चिंबवणी'चे. जानेवारी-फेब्रुवारीत सारी बाग एकदम फुलते. रत्नागिरीत पाऊस चौपटीहून अधिक, हवा दमट आणि हिवाळा उबदार. तिथे झाडाला असा विसावा मिळणे कठीण.

मात्र ताण आणि दुष्काळ एक नव्हेत. ताण केव्हा तोडायचा हे आपल्या हाती असते. फुलांनंतर फळे पोसायची ती एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या उन्हात. तेव्हाच विहिरी आटल्या, तर आधी फळे गळतात, मग झाड वाळते. २०१२ साली पाऊस फारच कमी झाला. २०१३च्या उन्हाळ्यात टँकरने पाणी घालूनही जिल्ह्यातील अनेक बागा वाळल्या, कित्येक तोडाव्या लागल्या. ज्वारी गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. मोसंबीची नवी बाग फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात.

म्हणून वर्षाची सरासरी पुरेशी नाही. आपल्या तालुक्याच्या पावसाचा महिनावार स्तंभालेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. त्याखाली ताण, फुले, फळवाढ आणि तोडणी यांचे महिने लिहावेत. मग विचारावे : जिथे स्तंभ जवळजवळ शून्य आहे आणि झाडाची गरज मोठी आहे, तिथले पाणी कोठून आणायचे?