जीनोमची जुळणी करणारा संगणकशास्त्रज्ञ

जीन मायर्स यांचे शिक्षण जीवशास्त्राचे नाही आणि वैद्यकाचेही नाही. पदवी गणितातली, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची. डॉक्टरेट संगणकशास्त्रातली, १९८१ साली कोलोरॅडो विद्यापीठातून मिळालेली. तरीही डीएनएची अक्षरे संगणकावर वाचण्या-जुळवण्याच्या शास्त्रात, म्हणजे बायोइन्फर्मॅटिक्समध्ये, गेल्या चार दशकांत जी साधने रोजच्या वापरात रुळली त्यांपैकी बऱ्याच साधनांच्या मुळाशी त्यांचे काम सापडते. या क्षेत्रात संगणकशास्त्रज्ञ जीवशास्त्रज्ञांना प्रोग्रॅम लिहून देतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रोग्रॅम लिहावे लागतातच. पण खरी कसोटी त्याच्या आधी असते. प्रश्न अशा रीतीने मांडायचा, की यंत्राला बहुतेक काम करावेच लागू नये. मायर्स यांची कारकीर्द म्हणजे या कौशल्याचा नमुना आहे.

१९८१ मध्येच ते टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात शिकवू लागले. तिथे त्यांनी धरलेला विषय वरवर अगदी साधा होता: अक्षरांच्या दोन ओळींत फरक किती? समजा एक ओळ ए-सी-जी-टी-टी-ए अशी आहे आणि दुसरी ए-जी-टी-टी-सी-ए अशी. पहिलीतला सी गाळला आणि शेवटच्या ए-च्या आधी एक सी घातला की दुसरी तयार होते. म्हणजे फरक दोन. सहा अक्षरांसाठी हे डोळ्यांनाच दिसते. लांब ओळींसाठी १९७० पासून एक पद्धत रूढ होती: एक ओळ आडवी मांडायची, दुसरी उभी, आणि मधल्या तक्त्याची प्रत्येक चौकट हिशेब करून भरायची. उत्तर बिनचूक येते; पण दहा-दहा हजार अक्षरांच्या दोन ओळींसाठी १० कोटी चौकटी भराव्या लागतात.

मायर्स यांच्या १९८६ च्या शोधनिबंधाने हा तक्ता भरण्याची गरजच बरीचशी काढून टाकली. ओळी बऱ्यापैकी सारख्या असतील तर उत्तराची वाट तक्त्याच्या कर्णाच्या आसपासच राहते. मग आधी एकही फरक न करता कुठवर जाता येते ते पाहायचे, नंतर एका फरकात कुठवर, नंतर दोन फरकांत. पलीकडचा कोपरा गाठला की थांबायचे. फरक थोडे असतील तर कामही थोडे. वीसच फरक असतील तर १० कोटींऐवजी काही लाख पायऱ्यांत निकाल लागतो. हीच रीत पुढे दोन फायलींची तुलना करणाऱ्या ‘डिफ’ या आज्ञेत शिरली आणि तिथून कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये. आज हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत कालच्या कोडमध्ये काय बदलले हे कुणी ‘गिट डिफ’ने पाहते तेव्हा चालते ती मायर्स यांचीच रीत, हे वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावे.

जनुकांची तुलना हाही तोच प्रश्न, फक्त प्रचंड आकाराचा. नव्याने सापडलेले जनुक आधी कुणी कुठल्या प्राण्यात पाहिले आहे का, हे ठरवण्यासाठी त्याची अक्षरे साऱ्या ज्ञात अक्षरांशी ताडून पाहावी लागतात. १९८१ ची स्मिथ-वॉटरमन पद्धत हे काम काटेकोरपणे करायची, पण त्या काळच्या यंत्रांवर ती फार मंद होती. तिच्याहून चपळ अशी फास्टा ही पद्धत डेव्हिड लिपमन आणि विल्यम पीअरसन यांनी दिली. १९९० मध्ये लिपमन, स्टीफन आल्टशुल, वॉरन गिश, वेब मिलर आणि मायर्स या पाच जणांनी ब्लास्ट प्रसिद्ध केले. त्यात डीएनएचा अकरा-बारा अक्षरांचा एखादा छोटा तुकडा दोन्हीकडे जसाच्या तसा सापडतो का हे आधी बघतात. सापडला तरच त्याच्या डावी-उजवीकडे तुलना वाढवत नेतात. बाकी सगळे सोडून देतात. त्यात एखादे दूरचे नाते निसटू शकते. मात्र सापडलेले साम्य निव्वळ योगायोगाचे असण्याची शक्यता किती, हे आल्टशुल आणि सॅम्युअल कार्लिन यांच्या सांख्यिकीमुळे सांगता येऊ लागले, आणि जीवशास्त्रज्ञाला नेमके तेच हवे होते. बिनचूकपणाची हमी हेच ज्याचे भांडवल, अशा सैद्धांतिक संगणकशास्त्रज्ञाने ती हमी जाणूनबुजून सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. ब्लास्टचा निबंध आजवर सर्वाधिक उद्धृत झालेल्या वैज्ञानिक निबंधांपैकी एक आहे.

त्याच सुमारास उदी मानबर यांच्याबरोबर मायर्स यांनी ‘सफिक्स ॲरे’ ही रचना मांडली. एखाद्या लांब मजकुराचा प्रत्येक अक्षरापासून शेवटपर्यंतचा भाग घ्यायचा आणि अशा सर्व भागांची, शब्दकोशात असते तशी, क्रमवार यादी करायची. यादी लागली की कुठलाही तुकडा मजकुरात कुठे-कुठे आहे हे झटक्यात कळते. या कल्पनेची पुढची भावंडे आज रुग्णाच्या डीएनएचे कोट्यवधी तुकडे जीनोमवर आपापल्या जागी बसवण्यासाठी वापरली जातात.

इथवरची कारकीर्द एका यशस्वी प्राध्यापकाची. तिला वेगळे वळण मिळाले ते मानवी जीनोमच्या निमित्ताने.

डीएनए वाचणारी त्या काळची यंत्रे एका वेळी जेमतेम पाचशे-सहाशे अक्षरे वाचत. मानवी जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. तेव्हा तो तुकड्यातुकड्यांनी वाचून पुन्हा जुळवण्याला पर्याय नव्हता. वाद होता तो तुकडे कसे करायचे याचा. सरकारी पैशावर चाललेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने आधी जीनोमचे सुमारे दीड-दीड लाख अक्षरांचे मोठे भाग पाडले, ते नकाशावर बसवले आणि मग एकेक भाग फोडून वाचायला घेतला. हे काम सावकाशीचे आणि खर्चिक होते. १९९७ मध्ये जेम्स वेबर आणि मायर्स यांनी दुसरी वाट सुचवली: नकाशा नको, अख्खा जीनोम एकदम फोडा, येतील तसे तुकडे वाचा आणि जुळणी संगणकावर सोपवा. याला ‘होल जीनोम शॉटगन’ म्हणतात. १९९५ मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जिवाणूचा १८ लाख अक्षरांचा जीनोम असाच जुळवला गेला होता. पण जिवाणू वेगळा आणि माणूस वेगळा, असा आक्षेप होता. फिल ग्रीन यांनी वेबर-मायर्स यांच्या निबंधासोबतच त्याविरुद्धचा निबंध छापला, आणि सरकारी प्रकल्पाने ती वाट धरली नाही.

आक्षेप पोकळ नव्हता. तुकारामांच्या गाथेच्या दहा प्रती फाडून त्यांच्या बोटभर चिंध्या एकत्र केल्या, तर कडेचे शब्द जुळवत बराचसा मजकूर परत मांडता येईल. पण ज्या चिंधीवर फक्त ‘तुका म्हणे’ एवढेच आहे ती हजारो अभंगांपैकी कुठल्या अभंगाची? जीनोममध्ये अशा नाममुद्रा जागोजागी आहेत. ‘अलू’ नावाचा सुमारे ३०० अक्षरांचा एकच क्रम माणसाच्या जीनोममध्ये दहा लाखांहून अधिक वेळा येतो, आणि पुनरावृत्त होणाऱ्या सगळ्या क्रमांचा हिशेब केला तर निम्मा जीनोम त्यांनी व्यापलेला आहे. जुळणीचा प्रोग्रॅम अशा ठिकाणी फसला की दूरदूरचे दोन भाग एकमेकांना चिकटवून मोकळा होतो, आणि चूक झाल्याचे त्याला कळतही नाही.

मे १९९८ मध्ये क्रेग व्हेंटर यांनी सेलेरा ही कंपनी काढली ती हीच पद्धत वापरण्यासाठी. मायर्स विद्यापीठातली स्थिर जागा सोडून मेरिलँडमधल्या रॉकव्हिल इथे सेलेरात आले. तिथे ग्रेंजर सटन आदी सहकाऱ्यांसह त्यांनी जुळणीचा जो प्रोग्रॅम उभा केला त्याची युक्ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. वाचलेले तुकडे होते २ कोटी ७२ लाखांवर. प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची तर सुमारे ३७० लाख कोटी जोड्या होतात. ब्लास्टसारखीच छोट्या जुळत्या तुकड्यांची चाळणी लावून त्यांतल्या बहुतेक जोड्या न पाहताच बाद झाल्या. मग ज्यांच्या जुळणीबद्दल दुमत संभवत नाही अशाच तुकड्यांचे गट बांधले गेले. पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक गटावर तुकड्यांचा थर किती जाड आहे ते मोजायचे. सगळा जीनोम पाचेक पट वाचला असेल आणि एखाद्या गटात पन्नास पट तुकडे साचले असतील, तर तो जीनोममधल्या एका जागेचा गट नव्हे. तो अनेक जागांचा, एकावर एक कोसळलेला. असे गट बाजूला ठेवायचे आणि खात्रीच्या गटांपासूनच जुळणीला सुरुवात करायची.

खात्रीचे गट एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे जोडतुकड्यांनी ठरवले. डीएनएचा २, १० किंवा ५० हजार अक्षरांचा धागा घेऊन त्याची फक्त दोन टोके वाचली जात. मधले काही माहीत नसले तरी ही दोन टोके जीनोममध्ये एवढ्या अंतरावर असलीच पाहिजेत, हे पक्के. त्यामुळे मधली पुनरावृत्ती ओलांडून पलीकडचा गट जागी बसवता येई. यात जीवशास्त्राचे ज्ञान जवळपास कुठेच नाही. असलाच तर प्रयोगशाळेत धागे कापताना लांबी नेमकी राखण्याचा आग्रह आहे. पण तो आग्रहही जुळणीच्या गणितातून आलेला. विदा कशी गोळा करायची हे तिचा हिशेब करणाऱ्याने ठरवावे, ही गोष्ट जीवशास्त्राला तेव्हा नवी होती.

रंगीत तालीम फळमाशीवर झाली. बर्कलीच्या जेराल्ड रुबिन यांच्या गटाबरोबर केलेली तिच्या जीनोमची जुळणी मार्च २००० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आली. जुळणीच्या निबंधावर पहिले नाव मायर्स यांचे होते. त्याच वर्षी २६ जून रोजी व्हाइट हाउसमध्ये मानवी जीनोमच्या पहिल्या मसुद्याची घोषणा झाली, सेलेरा आणि सरकारी प्रकल्प दोघांच्या नावाने.

सरकारी बाजूलाही शेवटच्या क्षणी तारले ते प्रोग्रॅमिंगनेच. सांताक्रूझ इथे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॉसलर यांच्या गटातले जिम केंट यांनी चार-एक आठवड्यांत जुळणीचा प्रोग्रॅम लिहिला आणि शंभर साध्या पीसींवर तो चालवून घोषणेच्या चार दिवस आधी काम पुरे केले. केंट यांचा प्रवास मायर्स यांच्या नेमका उलटा: आधी ॲनिमेशनची सॉफ्टवेअरे लिहिणारा व्यावसायिक प्रोग्रॅमर, मग जीवशास्त्राचा विद्यार्थी. या क्षेत्राला दार एकच नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये सेलेराचा निबंध अडीचशेहून अधिक लेखकांच्या नावांनी प्रसिद्ध झाला आणि वाद पुन्हा पेटला. सेलेराने स्वतःच्या तुकड्यांत सरकारी प्रकल्पाची खुली विदाही बारीक करून मिसळली होती. तेव्हा ही खरी शॉटगन जुळणी नव्हेच, असे त्या प्रकल्पातले शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटरस्टन, एरिक लँडर आणि जॉन सल्स्टन यांनी २००२ मध्ये लिहिले. मायर्स आणि सहकाऱ्यांनी लेखी उत्तर दिले. मानवी जीनोमपुरता त्या टीकेत अर्थ होता. पण पद्धतीचा निकाल व्यवहारानेच लावला: २००२ मध्ये उंदराचा जीनोम सरकारी गटांनी स्वतःच शॉटगन पद्धतीने जुळवला आणि नंतर तीच सर्वमान्य झाली. सेलेराचा प्रोग्रॅमही २००४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला.

तोवर मायर्स कंपनी सोडून बर्कलीला प्राध्यापक झाले होते. २००५ मध्ये ते व्हर्जिनियातल्या जनेलिया संशोधन केंद्रात गेले आणि चक्क जीनोम सोडून सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांकडे वळले. सी. एलेगन्स या कृमीच्या ३५७ पेशीकेंद्रकांचा त्रिमित नकाशा २००९ मध्ये त्यांच्या गटातून आला. २०१२ मध्ये ते जर्मनीत ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत गेले. अंधूक प्रतिमा न्यूरल नेटवर्कने साफ करण्याचे तिथले काम आज पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरात आहे.

जीनोमकडे त्यांना परत आणले ते नव्या यंत्रांनी. दहा हजार आणि त्याहून अधिक अक्षरे सलग वाचणारी यंत्रे आली, पण त्यांच्या वाचनात शंभरातली दहा-पंधरा अक्षरे चुकत. अनेकांना ती निरुपयोगी वाटली. मायर्स यांनी पाहिले ते वेगळेच: चुका कुठेही, कशाही पडत असतील तर एकाच जागेची अनेक वाचने एकमेकांवर ठेवल्यावर त्या आपोआप विरून जातात; लांबी मात्र पुनरावृत्ती ओलांडायला कामी येते. ड्रेस्डेनमध्ये त्यांनी अशा चुकतमाकत वाचलेल्या तुकड्यांसाठी नवी साधने लिहिली. गमावलेला पाय पुन्हा उगवणाऱ्या ॲक्सोलॉटल या मेक्सिकन उभयचराचा ३,२०० कोटी अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या दसपट मोठा जीनोम २०१८ मध्ये जुळवला गेला, त्यात मायर्स यांचाही सहभाग होता. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीचे मिल्नर पारितोषिक त्यांना मिळाले.

२००१ च्या मसुद्यात काय राहून गेले होते? गुणसूत्रांचे मधले सांधे, टोके आणि पुनरावृत्तींनी गच्च भरलेले पट्टे. साधारण ८ टक्के जीनोम. तो २०२२ मध्ये ‘टेलोमिअर टू टेलोमिअर’ या गटाने पूर्ण केला आणि जवळपास २० कोटी नवी अक्षरे हाती आली. त्यांची मुख्य जुळणी ‘स्ट्रिंग ग्राफ’वर उभी होती. तुकड्यांमधले अनावश्यक दुवे काढून टाकून फक्त निर्णायक दुवे ठेवणारी ही मांडणी मायर्स यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्या जुळणीत एक्स गुणसूत्र होते, वाय नव्हते. तेही २०२३ मध्ये टोकापासून टोकापर्यंत वाचून झाले.