गिझर आला, कागद जपा

पूर्वी अंघोळीचे पाणी चुलीवर तापत असे. ऐपत असेल त्याच्या घरी तांब्याचा बंब असे. बंबाला कागद नसे. तो गळला, तर तांबट सांधून देई आणि काम भागे.

आता विजेचा गिझर आला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत तो पुष्कळ घरांत दिसतो. खेड्यातही तो येऊ लागला आहे. गिझरबरोबर कागद येतात. ते कशाला जपायचे?

समजा, तुमचा मुलगा घाटकोपरला राहतो. त्याने नवा गिझर बसवला. दीड वर्षाने टाकी गळू लागली. दुकानदार म्हणाला, "बिल दाखवा." मुलाने सुनेकडे पाहिले. कागद खोक्यातच राहिले होते आणि खोके भंगारवाल्याने नेले होते! टाकीची हमी पाच वर्षांची होती. पण ती दाखवणार कशी? शेवटी दुरुस्तीला पदरचे पैसे गेले.

असे आपल्या घरी होऊ नये. म्हणून चार कागद सांभाळा.

पहिला कागद पक्क्या बिलाचा. त्यावर दुकानाचे नाव, तारीख, किंमत आणि गिझरचा नंबर असावा. गिझरवर एक पट्टी असते. तिच्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना, हे स्वतः वाचून पाहा. कोणी म्हणेल, "बिल कशाला हवं? बिनबिलाचं स्वस्त देतो." त्याचे ऐकू नका. बिल द्यायला नकार देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दुसरा कागद हमीपत्राचा. यालाच वॉरंटी कार्ड म्हणतात. त्यावर दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख घालून घ्या. पुष्कळदा टाकीची हमी वेगळी, पाणी तापवणाऱ्या कांबीची वेगळी आणि बाकी भागांची वेगळी असते. किती वर्षे, ते नीट वाचा.

तिसरा कागद गिझर बसवल्याच्या पावतीचा. कंपनीचा माणूस बसवून गेला, की तारखेसह त्याची सही घ्या. गिझर दुसऱ्या कोणी बसवला तर हमी राहते का, हे हमीपत्रात आधीच पाहा. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर वीज ओढतो. त्याला जाड तार, सोळा अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग लागते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याचीही पावती ठेवा.

चौथा कागद दुरुस्तीचा. कारागीर आला, कोणता भाग बदलला, पैसे किती घेतले, हे सर्व त्यावर लिहून घ्या.

हे कागद एका पिशवीत घालून पेटीत ठेवा. मुंबईच्या पावसात भिंतीला ओल येते, म्हणून पिशवी प्लास्टिकची असावी. यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत बिलाची अक्षरे काही दिवसांनी उडून जातात. त्याची झेरॉक्स लगेच काढा. मोबाइलवर फोटोही घ्या. कोणी कागद मागितला तर झेरॉक्स द्या. मूळ कागद हातचा सोडू नका.

हमी असूनही कोणी दाद देत नसेल, तर काय करावे? आधी कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तेथेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्र्याला आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. वकील द्यायलाच हवा, असेही नाही. मात्र तेथेही पहिला प्रश्न हाच, "कागद कुठे आहे?"

पूर्वी कागद वाचायला दुसऱ्याच्या दारी जावे लागे. आता तुम्ही स्वतः वाचू शकता. तेव्हा आज संध्याकाळी घरातली एक पावती काढा. तिच्यावरची तारीख आणि नंबर मोठ्याने वाचा. मग ती जपून ठेवा.