विश्लेषण : इंजिन बंद, तरी पेट्रोल सुरूच! जुन्या मोटारीतील इलेक्ट्रिक पंपाला ‘कटऑफ’ का हवा?

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोली गाठून बोरघाट चढणाऱ्यांना एकेकाळी एक दृश्य नित्याचे होते. बॉनेट उघडून कडेला उभी असलेली प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या फ्युएल पंपावर टाकलेले ओले फडके. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण हौसेने जपलेल्या पद्मिनी आणि कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० अजूनही दिसतात. त्यांपैकी काहींमध्ये मूळ पंपाच्या जागी इलेक्ट्रिक पंप बसवला जातो. ओल्या फडक्याची गरज त्यामुळे संपते, मात्र गाडीतील एक सुरक्षा व्यवस्थाही नकळत निघून जाते.

ओले फडके कशासाठी?

जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप थेट इंजिनवर बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतून तो पेट्रोल ओढून घेतो. उन्हाळ्यात, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर घाट चढताना इंजिन तापते. ओढीमुळे नळीतला दाब आधीच कमी झालेला असतो, त्यात ही उष्णता. पेट्रोलची वाफ होते, पंप वाफेवरच हात मारत राहतो आणि गाडी गचके देत बंद पडते. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, गार जागी बसतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. नळीत दाब राहिल्याने वाफ सहजी होत नाही. पंप बदलण्याचे आणखी एक कारण अलीकडचे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. जुन्या पंपांचे रबरी डायफ्राम आणि होज पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते.

मग धोका कुठे आहे?

मूळ पंपाचा दांडा इंजिनचा कॅमशाफ्ट हलवतो. इंजिन थांबले की दांडा थांबतो, पेट्रोलही थांबते. हा कटऑफ फुकटचा होता, त्यामुळे त्याची कुणी दखल घेतली नाही. इलेक्ट्रिक पंपाला मात्र इंजिनची खबर नसते. त्याला फक्त चावी कळते. टक्कर झाली, इंजिन बंद पडले, पेट्रोलची नळी तुटली आणि भांबावलेल्या चालकाने चावी फिरवली नाही, तर पंप टाकी रिकामी करत राहतो. ताशी १०० लिटर क्षमतेचा पंप मोकळ्या नळीतून मिनिटाला दीड लिटरहून अधिक पेट्रोल बाहेर टाकू शकतो. खाली तापलेला सायलेन्सर आणि शेजारी बॅटरीच्या तुटलेल्या तारा असतील, तर एक ठिणगी पुरते.

अपघात व्हायलाच हवा असेही नाही. कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई कचऱ्याने अडकली आणि चावी चालू राहिली, तर पेट्रोल ओसंडून इंजिनात उतरते आणि ऑइल पातळ करते. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ही काळजी कंपनीनेच घेतलेली असते. चावी लावल्यावर पंप दोनेक सेकंद घुमतो आणि इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळेपर्यंत गप्प बसतो. जुन्या गाडीत ही अक्कल बाहेरून आणावी लागते.

ऑइल प्रेशर स्विचचा उपाय कितपत विश्वासार्ह?

कल्पना सोपी आहे. इंजिन फिरत असेल तरच ऑइलला दाब असतो, म्हणून दाब असेल तरच पंपाला वीज द्यायची. अडचण सुरुवातीला येते. सेल्फ मारण्याआधी दाब शून्य, म्हणजे पंपही बंद. त्यासाठी सेल्फ फिरत असतानाच वीज देणारी दुसरी तार घ्यावी लागते. इथेच बरीच घरगुती जोडणी फसते. ही तार पंपाच्या तारेला नुसती जोडून दिली, तर इंजिन सुरू झाल्यावर वीज उलटी सेल्फकडे जाते आणि चालत्या इंजिनावर सेल्फ लागू शकतो. म्हणून तीन टर्मिनलचा स्विच वापरतात. दाब नसताना तो पंपाला सेल्फच्या तारेशी जोडतो, दाब आल्यावर चावीच्या तारेशी.

डॅशबोर्डवरील ऑइलच्या लाल दिव्याचा स्विच याच कामाला लावण्याचा मोह होतो. पण तो उलटा चालतो. दाब नसताना चालू, दाब आला की बंद. रिलेच्या ८७ए टर्मिनलवरून त्याला सुलट करता येते, मात्र मग दिव्याची तार तुटली तर पंप चालूच राहतो. सुरक्षेच्या जोडणीत तार तुटल्यावर पंप थांबलाच पाहिजे, त्यामुळे ही युक्ती बाद.

झिजलेल्या इंजिनात आणखी एक त्रास. घाट चढून गरम झालेली गाडी टोलच्या रांगेत आयडलिंगला उभी असताना दाब इतका उतरू शकतो, की स्विच पंपच बंद करतो. गाडी ऐन रांगेत थांबते.

आणखी कोणते पर्याय आहेत?

रोजच्या वापराच्या पेट्रोल गाडीसाठी इग्निशनच्या स्पंदांवर चालणारा रिले अधिक सोयीचा. त्याची एक तार कॉइलच्या निगेटिव्हला जाते. इंजिन फिरत असताना तिथे सतत स्पंद येतात. ते थांबले, की एक-दोन सेकंदांत रिले पंप तोडतो. ऑइलचा दाब किती, याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

पण टक्कर होऊनही इंजिन चालूच राहिले तर? हे दोन्ही उपाय तिथे कमी पडतात. त्यासाठी इनर्शिया स्विच असतो. फोर्ड आणि फियाटच्या अनेक गाड्यांत तो मुळातच असे. आत चुंबकाने धरलेली पोलादी गोळी असते. जोराच्या धक्क्याने ती सुटून वरच्या पट्टीवर आदळते, वीज तुटते आणि वरचे बटण दाबेपर्यंत परत येत नाही. तो बॉडीच्या भक्कम भागावर, उभाच बसवावा. लवचीक पत्र्यावर बसवला, तर खड्ड्यातही सुटेल. पळस्प्याहून मुंबई-गोवा महामार्गाला लागणाऱ्यांना याहून अधिक सांगायला नको! गाडी अचानक थांबली, तर बटण दाबण्याआधी खाली वाकून गळती आणि पेट्रोलचा वास तपासणे महत्त्वाचे.

जोडणी कशी असावी?

बॅटरीजवळ फ्यूज, तिथून रिलेचे ३० टर्मिनल, ८७ मधून इनर्शिया स्विच आणि मग पंप. पंपाची अर्थिंग रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर घ्यावी. ऑइल स्विच वापरायचा असल्यास तो रिलेच्या ८६ टर्मिनलला जोडावा आणि ८५ अर्थ करावे. त्यामुळे पंपाचा पूर्ण करंट स्विचमधून जात नाही आणि त्याचे कॉन्टॅक्ट जळत नाहीत. फ्यूज पंपाच्या पत्रकातील करंट पाहून निवडावा. पंपही कार्ब्युरेटरचाच हवा. कार्ब्युरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीसेक पीएसआय देतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असा पंप स्वस्तात मिळाला, तरी फ्लोटची सुई त्याला रोखू शकणार नाही.

काम बरोबर झाले हे कसे ओळखाल?

गाडी उघड्यावर उभी करून सुरू करावी. ब्रेक दाबून, गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन मुद्दाम बंद पाडावे. चावी मात्र चालूच ठेवावी आणि दुसऱ्या कुणाला टाकीजवळ कान देऊन उभे करावे. पंपाची घरघर काही सेकंदांत थांबली पाहिजे. ती थांबली नाही, तर लगेच चावी बंद करून गाडी पुन्हा ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी. चावी उगाच चालू ठेवू नये, पॉइंटच्या गाडीत कॉइल तापते. इनर्शिया स्विचची चाचणी वेगळी. तो सोडवून तळहातावर जोरात आपटला की बटण वर यायला हवे.